आमच्याकडे मिक्सर

घरपोचताईंनी उभ्या आयुष्यात एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नव्हती, आणि हे त्यांच्या एकाही वाचकाला माहीत नव्हतं. पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डोळे जड व्हायचे आणि तिसऱ्या पानावर पुस्तक नाकावर पडायचं. आता अशा बाईने नोकरी करावी ती वाचनालयात, म्हणजे कमालच! पण त्यांचं काम वाचायचं नव्हतंच मुळी. पुस्तकं दोन पिशव्यांत भरायची, स्कूटरला अडकवायची आणि घरोघरी जाऊन बदलून द्यायची. वाचनालयाच्या पाटीवर 'घरपोच सेवा' असं लिहिलेलं होतं, त्यावरून लोक त्यांना घरपोचताई म्हणू लागले. खरं नाव त्यांच्या नवऱ्याला आठवत असेल तर असेल.

मग न वाचता ही बाई पुस्तकं खपवायची कशी? तोंडाने, आणखी कशी! बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात ना, त्यातली गत. एका दारात पुस्तक परत घेताना विचारायचं, "कसं वाटलं?" आणि जे कानावर पडेल ते पुढच्या दारात ओतायचं. "अहो, एक वाचक म्हणाल्या, रडून रडून उशी भिजली." "एक काका म्हणाले, शेवटची तीस पानं फाडून टाका, मग बरं आहे." वाचकाचं नाव घ्यायचं नाही, आणि कुठलं पुस्तक कुणाकडे आहे हेही सांगायचं नाही, असा वाचनालयाचा नियम होता. तो त्या पाळायच्या. मत मात्र मोकळं सोडायच्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि याच गुणावर मालकांचं वाचनालय तगून होतं.

बाकी बाई भित्री. पाल दिसली की खुर्चीवर. कुत्रं भुंकलं की स्कूटर उलटी. लिफ्ट मध्येच बंद पडेल म्हणून पाचव्या मजल्यावरसुद्धा पिशवी घेऊन जिन्याने. नवरा बेकरीत कामाला होता. तो म्हणायचा, "तुझी भीती विकायला ठेवली ना, तर दुकान रोज भरलेलं राहील." त्या म्हणायच्या, "भित्याला आयुष्य जास्त असतं." असा एकूण त्यांचा संसार, वीस-बावीस वर्षांचा, हसतखेळत चाललेला.

तर त्या वर्षी वाचनालयात एक कादंबरी आली. 'लाडके, दार लाव'. एकच प्रत. प्रेमकथा म्हणावी तर त्यात खून होता, खुनाची गोष्ट म्हणावी तर माणसं हसून हसून लोळत होती. गोष्टीतला नवरा बायकोवर जिवापाड प्रेम करतो. इतकं, की कामावरून दिवसातून सात वेळा फोन करतो आणि म्हणतो, "लाडके, नळ सोडून ऐकव बरं." नळाचा आवाज आला म्हणजे बाई स्वयंपाकघरात आहे. काड्यापेटीतल्या काड्या मोजून जातो. पहिल्या बायकोचं काय झालं, हे कुणी विचारलं की सरबत करतो. आणि मग तो नळच एक दिवस बिघडतो आणि दुरुस्तीला येणारा कारागीर बाईच्या प्रेमात पडतो.

हे सगळं घरपोचताईंना दारोदारी कळलं, तुकड्यातुकड्याने. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या, त्यांना सगळे हेडबाई म्हणत. त्या म्हणाल्या, "अत्यंत वाह्यात पुस्तक आहे. दुसरा भाग आला की आधी मला." दातांचे डॉक्टर म्हणाले, "ताई, मी दवाखान्यात वाचत होतो. पेशंटचं तोंड उघडं आणि मी हसतोय. तो घाबरून उठूनच गेला हो." तळमजल्यावरच्या आजींची नजर गेलेली, त्यांना सून वाचून दाखवायची. आजी कुरकुरल्या, "ही चुंबनं गाळते. दोघं जवळ येतात आणि एकदम दुसऱ्या दिवशी सकाळ होते. मला काय कळत नाही?" त्यात मुदत संपली आणि शेवटची दोन प्रकरणं राहून गेली, म्हणून आजी दर आठवड्याला पुन्हा नंबर लावायच्या. रांग अशी लांबली की मालकांनी डोक्याला हात लावला.

हेडबाईंच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक तरुण जोडपं होतं. तो विमा कंपनीत. सकाळी लिफ्टमध्ये भेटला तर म्हाताऱ्यांची पिशवी धरणार, पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं तर मिटवणार. अख्खी इमारत त्याला सद्गृहस्थ म्हणायची. बायको फारशी दिसायची नाही. दार उघडायची तेही फटीएवढं, बोलायची तेही दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असं. घरपोचताईंनी मनातल्या मनात तिला हळूबाई नाव ठेवलं होतं.

हळूबाईचा नंबर आला, तिने पुस्तक घेतलं आणि पुढच्या फेरीला ताईंनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"कसं वाटलं? हसलात की नाही?"

हळूबाई दाराच्या फटीतून बघत राहिली. "कुठे हसायचं असतं?"

"अहो, ते नळाचं! सगळे त्याच्यावरच हसतात."

"त्यात काय हसायचं?" ती अगदी साधेपणाने म्हणाली. "आमच्याकडे मिक्सर असतो." मग म्हणाली, "थोडं राहिलंय. ठेवू का अजून?"

झालं! घरपोचताई जिन्यावर खो खो हसल्या. एवढीशी बाई, चेहऱ्यावरची रेघ न हलवता काय बोलली! पुस्तक स्वतः वाचलेलं असतं तर कदाचित त्या थबकल्या असत्या. पण त्यांनी गोष्ट ऐकलेली लोकांच्या हसण्यातून, त्यामुळे त्यांच्या लेखी ती नुसती विनोदाची पेटी होती. त्यांना वाटलं, हाही त्यातलाच एक विनोद. आणि मग तो त्यांनी दिवसभर वाटला. हेडबाईंना सांगितला, डॉक्टरांना सांगितला, आजींच्या सुनेला सांगितला. "एक वाचक म्हणाली, आमच्याकडे मिक्सर असतो!" जिथे सांगितला तिथे हशा.

शेवटचं दार शिंपीणकाकूंचं. इमारतीच्या समोरच त्यांचं दुकान. घरपोचताईंनी उंबऱ्यातूनच विनोद फेकला आणि हसायला तोंड उघडलं. शिंपीणकाकूंचा पाय मशीनवरून उचलला गेला. मशीन थांबलं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

घरपोचताईंनी पुन्हा सांगितलं, जरा कमी हसत.

"कशी म्हणाली? डोळे मिचकावले?"

"नाही."

"हसली?"

"नाही हो. 'त्यात काय हसायचं' म्हणाली."

"अगं बाई," शिंपीणकाकू म्हणाल्या, "ती विनोद नव्हती करत."

घरपोचताई पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसल्या. एकेक गोष्ट आठवायला लागली. त्या दाराबाहेर चपलांचं कपाट होतं, त्याला कुलूप. वरच्या उघड्या फळीवर पुरुषाचे बूट ओळीने. बाईच्या पायातलं कधी काही दिसलंच नव्हतं. पुस्तक घेतानाही ती आधी जिन्याकडे बघायची आणि मग हात पुढे करायची. हे सगळं त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. पाहून पुढच्या दाराला गेल्या होत्या. त्या रात्री नवऱ्याने विचारलं, "आज गप्पशी?" तर म्हणाल्या, "डोकं दुखतंय." डोकं नव्हतं दुखत. त्यांना भीती वाटत होती, पालीकुत्र्याच्या भीतीपेक्षा निराळी, जी खुर्चीवर चढून जात नाही.

पुढच्या फेरीला त्या आधी तिसऱ्या मजल्यावर गेल्या. बेल वाजवली. दार चक्क पूर्ण उघडलं. समोर सद्गृहस्थ, घरच्या कपड्यांत, हसतमुख.

"या या, घरपोचताई. आज सुट्टी काढलीय. हिची तब्येत जरा बरी नाही."

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"डोळे. वाचून वाचून ताण आलाय. आता वाचन बंद करायचं ठरवलंय आम्ही."

आतून मिक्सर चालू झाला. एकदा चालू झाला तो थांबेचना. रिकामा मिक्सर कसा किंचाळतो, ते स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या कुणालाही कळतं. त्यात काहीही नव्हतं, ना पाणी, ना दाणा. सद्गृहस्थांनी मागे वळूनही पाहिलं नाही. बायको घरात कुठे आहे, ते त्यांना पाठमोरे असूनही कळत होतं. आणि बायकोला दारातलं बोलणं ऐकू जात नव्हतं, तेही त्यांना हवंच असावं.

"ते पुस्तक..." ताई म्हणाल्या.

"वाचलं की मी! छान आहे. विनोदी आहे." ते उंबऱ्यापर्यंत पुढे आले आणि आवाज खाली आणला. "फक्त शेवट पटला नाही हं. अशी बाई इतकी लांब जात नाही. जाईल कुठे? तिला कोण आहे?" मग पुन्हा मोठ्याने हसले. "पुस्तक कुठे ठेवलंय ते सापडत नाहीये. सापडलं की मीच आणून देईन वाचनालयात. तुम्ही उगाच जिने चढू नका."

दार हळूच लागलं. कडी, मग बोल्ट, मग कुलूप फिरल्याचा आवाज. आत मिक्सर तसाच.

घरपोचताई तशाच वर हेडबाईंकडे गेल्या. हेडबाई आपल्याच नादात. "अहो, तुमच्या त्या मिक्सरच्या विनोदाने परवा काय मजा आणली! लिफ्टमध्ये सांगितला मी. खालचे सद्गृहस्थ होते ना, ते तर इतके हसले! विचारत होते, कोण म्हणालं? मी म्हटलं, घरपोचताईंची कुणीतरी वाचक."

ताई जिन्यातच बसल्या. नाव घेतलं नव्हतं, नियम मोडला नव्हता, आणि तरी त्या पोरीचं बोलणं उचलून थेट तिच्या नवऱ्याच्या कानात नेऊन घातलं होतं. घरपोच! आपल्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्या पोलीस ठाण्यात गेल्या. हो, लिफ्टला भिणारी बाई ठाण्यात गेली. तिथली हवालदारीण भली होती. ऐकून म्हणाली, "बाई, मिक्सर चालवणं हा गुन्हा नाही हो. आम्ही जाऊ, दार वाजवू. तो चहा विचारेल. ती त्याच्यासमोर म्हणेल, सगळं ठीक आहे. आम्ही परत येऊ, आणि मग दार लागल्यावर तिचं काय होईल? तिला स्वतःच्या तोंडाने सांगू दे. एकदा बाहेर येऊ दे. मग माझ्याकडे आणा, पुढचं मी बघते."

वाचनालयाचे मालक म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजू नका. प्रत हरवली असं लिहून टाकू."

बाहेर येऊ दे! म्हणणं सोपं. दाराला तीन तऱ्हेची कुलपं, चपला कपाटात. आणि त्या माणसाचा सगळा जीव एकाच गोष्टीत, लोक काय म्हणतील. लोकांपुढे तो कधी आवाज चढवणार नाही. घरपोचताईंना हे कळत होतं, पण त्याचं काय करायचं हे कळत नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी मतं वाटली नाहीत. उलट प्रत्येक दारात एकच विचारत सुटल्या, "त्या कादंबरीतली बाई शेवटी सुटते कशी?"

आणि काय सांगू, एकाचं दुसऱ्याशी जुळेना. हेडबाई म्हणाल्या, ती सरबतात झोपेचं औषध घालते. डॉक्टर म्हणाले, छे, ती नवऱ्याला त्याच्याच कोठारात कोंडते. आतून तो दार बडवतो आणि शेजाऱ्यांना वाटतं, साहेब व्यायाम करताहेत. शिंपीणकाकू म्हणाल्या, दोन्ही फसतं, कारागीर ऐन वेळी पळतो आणि ती एकटीच समोरच्या दाराने चालत जाते. आजी म्हणाल्या, "मला कुणी सांगू नका! मला वाचायचंय!" आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, पुस्तक अडकलंय कुठे?

आजवर ताई म्हणायच्या, नियम आहे, सांगता येत नाही. शिंपीणकाकूंच्या दुकानात त्या दिवशी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"नियम मोड," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"आणि काही उलटंसुलटं झालं तर? त्याने तिला मागाहून..."

"मागाहून ठेवायचंच नाही तिला तिथे."

मग घरपोचताईंनी दारोदार सांगितलं. पुस्तक तिसऱ्या मजल्यावर आहे, सद्गृहस्थ म्हणतात सापडत नाही, रविवारी सकाळी आपण सगळे जाऊन शोधू. खरं कारण फक्त शिंपीणकाकूंना माहीत. बाकीच्यांना हवं होतं पुस्तक, आणि वाचकाला पुस्तक हवं असलं की तो फार ढीट होतो.

रविवारी त्या दारासमोर माणसं मावेनात. हेडबाई, डॉक्टर, शिंपीणकाकू, खुर्चीसकट लिफ्टने वर आणलेल्या आजी, आजींची सून आणि रांगेतली आणखी तिघंचौघं. घरपोचताई सगळ्यांच्या मागे, जीव मुठीत धरून. बेल वाजली. कुलूप, बोल्ट, कडी. सद्गृहस्थांचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि लगेच हसला.

"अरे वा! सगळे? या ना, या."

काय करणार होता? एवढ्या लोकांना नाही म्हणायचं म्हणजे सगळं नाव पाण्यात. माणसं आत शिरली. खोली लख्ख, इतकी की बसायला भीती वाटावी. हळूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, अनवाणी, भर उकाड्यात लांब बाह्यांचा कुडता घालून. घरपोचताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने नजर फरशीकडे वळवली. "रागावली असेल माझ्यावर," ताईंना वाटलं, आणि त्यांना रडूच फुटायला आलं.

"शोधायचं कुठून?" डॉक्टर बाह्या सरसावत म्हणाले.

"शोधायचं काय त्यात?" हेडबाईंचा आवाज. "हे काय, इथे कपाटावर तर आहे."

होतंच. लख्ख दिसत होतं. सद्गृहस्थ म्हणाले, "अरेच्चा! डोळ्यांसमोर असून दिसलं नाही बघा," आणि पुस्तक काढून अदबीने आजींच्या मांडीवर ठेवलं. "बरं झालं. मग आता..."

घरपोचताईंचं धाबं दणाणलं. संपलं! दोन मिनिटांत निमित्त संपलं. आता हे सगळे उठणार, दार लागणार आणि आपण केलेल्या शहाणपणाचं माप त्या पोरीच्या पदरात पडणार. काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर जी जीभ थांबली नाही ती ऐन वेळी टाळ्याला चिकटली.

पण वाचक ते वाचक. पुस्तक समोर आल्यावर गप्प बसतील तर शपथ.

"आता एकदा ठरवूनच टाकू," डॉक्टर म्हणाले. "कोठारात कोंडते की नाही?"

"कोंडते, पण तो सुटतो," हेडबाई म्हणाल्या.

"सांगू नका!" आजी ओरडल्या आणि त्यांनी कानांवर हात ठेवले.

"मुळात ती जाते हेच खोटं वाटतं," रांगेतले एक काका म्हणाले. "इतकी वर्षं राहिलेली बाई एका सकाळी उठून जाते होय?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," सद्गृहस्थ म्हणाले. "गोष्टीत ठीक आहे हो. मी हिलाही तेच म्हटलं."

आजींनी कानांवरचे हात काढले. दिसत नसल्यामुळे त्यांचा चेहरा भलत्याच दिशेला होता. "हिला म्हणजे? तीपण आहे का इथे? मग तिला विचारा की! पोरी, तूही वाचलंस ना? तुझं काय मत?"

सगळे वळून बघू लागले. सद्गृहस्थ हसत होते, पण त्यांची बोटं खुर्चीच्या पाठीवर पांढरी पडली होती. "तिला काय मत असणार," ते म्हणाले. "तिचे डोळे..."

"मला शेवट आवडला," हळूबाई म्हणाली.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"फक्त ती निघताना फार बोलते," ती म्हणाली. "तेवढा वेळ नसतो."

आणि ती चालू लागली. आजींच्या खुर्चीला वळसा घालून, डॉक्टरांच्या शेजारून, दाराकडे. कुणाला काही समजायच्या आत ती उंबऱ्याशी पोचली होती.

"अगं, कुठे?" सद्गृहस्थ हसून म्हणाले. मग अगदी मायेने, "लवकर ये हं."

तिचा पाय थांबला. हवेत उचललेला होता तसाच थांबला. घरपोचताईंना वाटलं, आता ती वळणार. त्यांनी तिचा चेहरा पाहिला. तिलाही तेच वाटत होतं.

आणि तेव्हा हेडबाईंना कळलं. मिक्सर, लिफ्ट, ते हसणं, सगळं एका झटक्यात कळलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, पण आवाज मात्र शाळेतला निघाला, आठशे मुलांच्या ओळी सरळ करणारा.

"मागे बघायचं नाही. पुढे चल!"

पाय उंबऱ्याबाहेर पडला. शिंपीणकाकूंनी स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या. सद्गृहस्थ दाराकडे निघाले, तेवढ्यात डॉक्टर त्यांच्या वाटेत उभे राहिले. त्यांना कितपत उमगलं होतं कोण जाणे, पण माणूस चांगला आडवातिडवा होता आणि दार भरून उरला. "तुम्ही शेवटाबद्दल म्हणत होतात," ते म्हणाले. "बसा ना. नीट सांगा मला."

घरपोचताई हळूबाईला घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. पाठीमागे हेडबाईंचा चढलेला आवाज आणि त्यावर सद्गृहस्थांचं हसणं ऐकू येत होतं, मग नुसताच हेडबाईंचा आवाज. खाली स्कूटरवर हळूबाईने ताईंना मागून इतकं घट्ट धरलं की श्वास घेववेना. प्रत्येक सिग्नलला ताई आरशात बघायच्या. प्रत्येक पांढरी गाडी त्यांना त्याचीच वाटायची. एकदा तर त्या उगाचच गल्लीत वळल्या आणि पाच मिनिटं एका गॅरेजच्या आडोशाला थांबल्या.

"माझ्यामुळे झालं," त्या तिथे म्हणाल्या. "मी तो मिक्सरचा... मी सगळ्यांना सांगत सुटले गं. हसत सुटले."

"माहीत आहे," हळूबाई म्हणाली. माफ केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही. ताईंनी तो घाव तसाच ठेवून घेतला आणि स्कूटरला किक मारली.

घरी आल्यावर ताईंनी दार लावलं. हवालदारीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, संध्याकाळी घेऊन या, मी थांबते. हळूबाई भिंतीला टेकून उभी होती. बस म्हटलं तर बसेना. तिच्या बाहीची गुंडी तुटली होती आणि मनगटाजवळची निळी-पिवळी कातडी दिसत होती. तिने बाही ओढून घेतली.

"पाणी पिऊ का?" तिने विचारलं.

"अगं, विचारतेस काय? तो माठ, तो पेला."

तिने पेला उचलला आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. दोघी जागच्या जागी गोठल्या. पेल्यातलं पाणी हिंदकळून खाली सांडलं. बाहेरचा आवाज ओळखायला घरपोचताईंना वेळ लागला.

"अगं ए, उघड! मी आलोय."

"आमचे यजमान आहेत," त्या कुजबुजल्या. "बेकरीतून आलेत. घाबरू नकोस. चांगले आहेत." आणि सवयीने कडीकडे हात नेला.

"नको," हळूबाई म्हणाली.

ताईंचा हात थांबला. वीस-बावीस वर्षांत त्या दाराबाहेर त्यांनी नवऱ्याला कधी उभं केलं नव्हतं. भरउन्हात, पहाटेपासून भट्टीपाशी राबून आलेला माणूस. त्यांनी हळूबाईकडे पाहिलं. तिचे डोळे कडीवर होते.

"ऐकलंत का," ताई दाराला तोंड लावून म्हणाल्या, "जरा बाहेरच थांबा."

"बाहेर?" "पाल आहे का?"

"नाही. नंतर सांगते. थांबा नुसते."

"किती वेळ?"

ताईंनी हळूबाईकडे पाहिलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला होता.

"माहीत नाही," ताई म्हणाल्या.

"बरं," बाहेरून आवाज आला. जिन्याच्या पायरीवर तो बसल्याचं ऐकू आलं, गुडघ्यांची कुरकुर आणि एक जांभई. "दुधाची पिशवी आहे हातात, नासेल बघ," तो म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, "असू दे, असू दे."

आत दोघी उभ्या होत्या. कान दाराकडे. तो पुन्हा थाप मारेल, ओरडेल, कडी हलवेल, याची वाट बघत हळूबाई कितीतरी वेळ उभी राहिली. बाहेर तो शेजाऱ्याला सांगत होता की नाही, किल्ली हरवलेली नाही, आतल्यांचं काहीतरी काम चाललंय. मग तो गुणगुणायला लागला, बेसूर.

हळूबाई पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायली. पुन्हा भरून घेतलं, न विचारता, आणि तेही संपवलं. मग खुर्ची ओढून बसली. पाय जवळ घेतले. आणखी थोडा वेळ गेला.

"आता उघडा," ती म्हणाली.